बांगड्या भरणारा हात

नोकरी सुटून बरेच दिवस झाले, तरी नगरच्या भाजीबाजारात काही बायका मला पाहिलं की पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतात. घाईघाईने, चोरी पकडली गेल्यासारख्या. मग हसून म्हणतात, "आत्ताच घेतली होती हो सिस्टर त्या हातात." मी आधी त्यांचा हात बघते आणि मग चेहरा. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, दंड आणि मनगट बघितलं की नाव आठवतं. लग्नाकार्यात कुणी वाकून नमस्कार केला तरी माझी नजर सूज शोधत असते. भाची वैतागून म्हणते, "मावशी, आशीर्वाद दे नुसता. तपासू नकोस."

मी कॅन्सरच्या दवाखान्यात ड्रेसिंग रूमची सिस्टर होते. या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "हृदयाला भिडणारं काहीतरी लिहा." हृदय माझ्या खात्यात नव्हतं. माझ्याकडे यायचे सुजलेले हात, सुजलेले पाय आणि त्यांच्यावर उठलेले फोड. त्यांच्याविषयीच लिहिते. कुणाला भिडलं तर भिडलं.

आधी धंदा समजावून सांगते, कारण कॅन्सर बरा झाल्यावर माणसाला पुन्हा दवाखान्यात कशाला जावं लागतं हे पुष्कळांना कळत नाही. आपल्या अंगात रक्ताखेरीज आणखी एक पाणी खेळत असतं. त्याला लसीका म्हणतात. केसाएवढ्या बारीक नळ्यांतून ते हळूहळू वर सरकतं आणि काखेतल्या, जांघेतल्या गाठींमधून पुढे जातं. छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढाव्या लागतात. नंतर मशिनचे किरण देतात, आमच्याकडे सगळे त्याला शेक म्हणतात, त्याने ती जागा आतून आवळून येते. मग पाण्याला वाट उरत नाही आणि हात सुजतो, म्हणून त्या हाताने ओझं उचलायचं नसतं. श्रीगोंद्याच्या बायकांना मी सांगायची, पाटाची चारी बुजली की पाणी बांधातून पाझरायला लागतं ना, तसं समजा. त्यांना लगेच कळायचं. नगर शहरातल्या बायकांना मात्र चारी म्हणजे शेताला पाणी नेणारा चर, इथून सुरुवात करावी लागायची.

काही जणींच्या बाबतीत पुढची पायरी असते. ऑपरेशनला वर्षं लोटलेली असतात, बाई संसाराला लागलेली असते, आणि एक दिवस काखेपाशी, व्रणाच्या कडेला, दंडाच्या आतल्या अंगाला बारीक फोड दिसतात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, आरपार दिसणारे. एखाद्यात रक्ताचा थेंब उतरून तो लालसर होतो. फुटला की पाणी झिरपतं, बाही ओली होते, वाळली की कडक होते. हा पू नाही, देवी-कांजिण्या नाहीत, आणि एकाचं दुसऱ्याला होत नाही. त्वचेतल्या त्याच नळ्या तुंबून फुगलेल्या असतात. आमच्या त्वचेच्या डॉक्टर मॅडम त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव घ्यायच्या. ते मला पाठ होतं, पण ते उच्चारून मी आजवर एकाही पेशंटचं भलं केलेलं नाही.

या फोडांना लोक काय काय समजत! राजूरकडचे एक बाबा होते, जांघेचं ऑपरेशन झालेले. मांडीवर फोड आले. बाबांना वाटलं चामखीळ. आता चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात हे सगळ्या जगाला माहीत. बाबांनी बाजारात घोडेवाला गाठला, केस मागून आणला आणि एकेका फोडाला नीट गाठ मारली. फोड फुटले, जखम चिघळली, पाय लालभडक झाला आणि बाबा थंडीतापाने कुडकुडत जीपमधून आमच्याकडे आले. तुंबलेल्या पायात जंतू शिरले की असंच होतं, म्हणून आम्ही साध्या ओरखड्यालाही घाबरतो. बाबा बरे झाले. जाताना त्यांना ताणाच्या पट्ट्या दिल्या, पायाला कशा गुंडाळायच्या ते शिकवलं. पुढच्या खेपेला पाय उघडाच. पट्ट्या कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, "जीपच्या टपावर हायत. तांदळाचं पोतं बांधलंया. लई झ्याक ताण हाय त्यांला, सिस्टर." मी बाहेर जाऊन बघितलं. खरंच झ्याक बांधलं होतं, फक्त पायाला नव्हतं. मी बाबांना जे बोलले ते या अंकात छापता येणार नाही.

पण मला आज जिची आठवण लिहायची आहे ती काष्टीची मन्यारीण. ती आता नाही. पुढे काही वर्षांनी आजार फुप्फुसात गेला. तिचं नाव मी इथे शमीम असं बदललं आहे. ती असती तर म्हणाली असती, बदलता कशाला, माझं नाव बाजारात कुणाला ठावं न्हाई?

शमीमबी काष्टीच्या आठवडी बाजारात बांगड्या भरायची. सासूचा धंदा तिच्याकडे आलेला. डाव्या छातीचं ऑपरेशन, शेक, सगळं पूर्वीच झालेलं. माझ्या खोलीत पहिल्यांदा आली तेव्हा डावी बाही गेरूने लाल होती आणि कोपराखाली मनगटापर्यंत काचेच्या बांगड्या नुसत्या ठासून भरल्या होत्या. बांगड्यांच्या मधून मांस वर आलेलं, आणि बांगड्यांच्या खाली तळहात पुरीसारखा फुगलेला.

"हे काय केलंय?" मी विचारलं.

"बांध घातलाय," ती म्हणाली. "सूज खाली उतरत हुती. म्हटलं, बांगडी घट्ट बसवली तर हात फुगंल कसा? जागाच न्हाई त्याला."

हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. ज्या बाईने जन्मभर हात बघून माप काढलं, तिने आपल्या सुजेवरही मापच चढवलं होतं. त्यात निम्मी गोष्ट बरोबर होती, म्हणून मला तिच्यावर धड रागावताही येईना. आमची पट्टी तरी दुसरं काय करते? बाहेरून दाब देऊन पाण्याला परत वाटेला लावते. फक्त पट्टी तळहातापाशी घट्ट आणि वर चढेल तशी सैल बांधायची असते, म्हणजे पाणी वर सरकतं. बांगडी एकाच जागी कापते आणि तिच्यापलीकडचं सगळं पाणी बोटांत अडकून पडतं.

"काढाव्या लागतील," मी म्हटलं आणि कटर घेतलं.

तिने हात मागे ओढला. "फोडायच्या न्हाईत. माझा माणूस जिता हाय. आन् मन्यारणीच्या हातातली बांगडी दवाखान्यात फुटली असं मला काष्टीत कुणाला सांगायचं न्हाई."

माझा स्वभाव तापट आहे. एरवी मी दोन शब्द सुनावून काम उरकलं असतं. पण तिचा चेहरा असा झाला होता की मी कटर ट्रेमध्ये ठेवलं. तिच्या बोटांना एकेक करून बारीक पट्टी गुंडाळली, तशीच तळहाताला, आणि हात वर टांगून ठेवला. सूज जरा ओसरली तशी पट्टी सोडून साबणाचा फेस लावला आणि पहिली बांगडी ओढायला लागले.

"जोर नका लावू," ती म्हणाली. "सिस्टर, तुमी बैल वढताय व्हय? अंगठा आत मोडा. आता करंगळीकडची बाजू दाबा. बांगडीला हाडाची वाट दावायची, मग ती आपली आपन जाती."

तिच्या हुकमाने मी तिच्याच हातातून बांगड्या उतरवल्या. कधी पट्टी, कधी साबण, पुन्हा पट्टी. बाहेर रांगेतले पेशंट कुरकुरायला लागले. एकही बांगडी फुटली नाही. तिने त्या सगळ्या मांडीवर घेऊन रंगारंगाने जोड्या लावल्या आणि मगच ब्लाऊजचे हूक काढले. तेव्हा मला ते फोड दिसले. व्रणापासून काखेपर्यंत आणि दंडाच्या आतून खाली ओळीने उतरलेले, वरून गेरू थापलेला.

"नागीण हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तोंड आन् शेपूट एक झालं की मानूस जातं म्हनत्यात. म्हनून गेरूनं वाट आडवलीया."

नागिणीचे फोड आमच्या मॅडमनी आणि मी खंडीभर पाहिलेले. नागीण आग करते, रात्र रात्र झोपू देत नाही. हिला आग नव्हती, ठणका नव्हता, नुसता ओलावा. मॅडमनी भिंगातून नीट पाहिलं, एक फोड सुईने टोचला, स्वच्छ पाणी आलं. त्यांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं आणि म्हणाल्या, "नागीण नाही. पण असेच दिसणारे फोड कधी मूळ आजाराचेही असतात, म्हणून छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू." शमीमबीने मान हलवली. तुकडा काढतानाही हूं की चूं केलं नाही. रिपोर्ट चांगला आला, त्यात आजार परतल्याची खूण नव्हती. मॅडमच्या डोळ्यांत आनंद दिसत होता. शमीमबीने मात्र एवढंच विचारलं, "मंग नवरीचा चुडा भरू का मी?"

तिचं खरं दुखणं तेव्हा बाहेर आलं. बाजारात बांगड्या भरताना तिच्या ओल्या बाहीचा थेंब एका गिऱ्हाइकाच्या हातावर पडला होता. त्या बाईने ओरडून हात झटकला. गावभर झालं की मन्यारणीला नागीण झालीय आणि ती हाताहाताने पसरते. तेव्हापासून बायका लांबूनच बांगड्या बघत, विकत घेऊन घरी नेत, आणि घरी कुणाकडून तरी भरून घेत. हात कुणी देत नव्हतं. काष्टीच्या एका घरात मात्र नवरीचा चुडा पिढ्यान्‌पिढ्या हिच्याच घरच्या हाताने भरला जायचा. सूनबाई मालन, तिचा चुडा शमीमबीने भरला, मालनच्या सासूचा शमीमबीच्या सासूने. आता मालनच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि श्रीगोंद्याहून दुसरी मन्यारीण आणायची बोलणी चालली होती.

"त्या घरानं दुसरीला बोलावलं की माझं संपलं," ती म्हणाली. "मंग गाव कशाला हात देतंय? सिस्टर, कॅन्सर झाला तवा बी मी बाजार चुकवला न्हाई. टक्कल झालं, पदर घेऊन बसले. पन हात धरल्याबिगर बांगडी कशी भरायची?"

मॅडमनी लगेच दाखला लिहून दिला, की हा आजार संसर्गाचा नाही. सही, शिक्का, सगळं. तिने तो आदराने घेतला आणि पिशवीत ठेवला. पुढच्या वेळी मी विचारलं, दाखवला का? ती म्हणाली, "दावला की. त्या म्हनल्या, शिक्का झ्याक हाय."

दर आठवड्याला ती एसटीने यायची. मॅडमनी फार पाझरणारे फोड यंत्राने जाळून बंद केले. मी हाताला पट्ट्या बांधायची. आधी मऊ कापूस, मग तळहातापासून वर ताणाची पट्टी, बोटांची टोकं मोकळी. तिचा कामाचा जीव त्या टोकांतच होता. सूज उतरली, बाही कोरडी राहायला लागली. मी तिला फसवलं नाही. हे मुळापासून जात नाही, नवे फोड येत राहणार, पट्टी कायमची, हे स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "रोज पोळ्या बी कराव्याच लागत्यात की."

मग एका आठवड्याला ती एकटी आली नाही. बरोबर मालनबाई होत्या. ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर संशय. त्या सरळ मला म्हणाल्या, "सासूबाई म्हनल्या, जाऊन सोताच्या डोळ्यांनी बघून ये. लागत असंल तर तसं सांगा. माझ्या पोरीचा प्रश्न हाय."

मी शमीमबीकडे पाहिलं. पेशंटचं अंग तिच्या मर्जीशिवाय मी कुणाला दाखवत नसे. ती म्हणाली, "दावा. म्या आनलंय तिला."

मी पट्टी सोडली. फोड वाळत आले होते, दोन-तीन नवे होते. मालनबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पदर नाकाशी. समजावून सांगायला माझ्याकडे पुष्कळ शब्द होते, पण दाखल्यातल्या शब्दांचं काय झालं ते मी ऐकलं होतं. पट्टी बांधताना हात वर धरायला एक माणूस लागतं. एरवी आया धरायची. आया समोरच उभी होती, पण मी तिला चहा सांगायला पाठवलं आणि म्हटलं, "मालनबाई, जरा हात धरा हिचा. वर."

त्या जागच्या हलेनात. मी कापूस गुंडाळायला लागले, जशा काही त्या आल्याच आहेत. शमीमबीने हात तसाच अधांतरी धरून ठेवला. शेवटी मालनबाई पुढे आल्या. आधी दोन बोटांनी, मग तळहाताने तिचं कोपर धरलं. एक नवा फोड ताणाने फुटला आणि पाणी त्यांच्या मनगटावर आलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले, पण हात सोडला नाही. मी माझ्या उघड्या बोटाने ते पाणी पुसलं आणि पुढचा वेढा घातला.

त्या दिवशी पट्टी संपताच त्या मनगट पदराला पुसत बाहेर गेल्या. मला वाटलं, गेलं हे लग्न. पण पुढच्या आठवड्याला दोघी पुन्हा बरोबर आल्या. त्याच्या पुढच्याही. मालनबाई आपलं मनगट उजेडात धरून दाखवायच्या, "काय बी आलं न्हाई अजून." मग न सांगता हात धरायला उभ्या राहायच्या, आणि माझ्या हातांकडे टक लावून बघत राहायच्या. मला वाटायचं, अजून संशय गेला नाही बाईचा.

लग्नाचं बोलावणं मला दोघींकडून आलं. चुड्याच्या दिवशी मी काष्टीला पोचले तेव्हा मांडव बायकांनी भरला होता. शमीमबी सतरंजीवर हिरव्या बांगड्यांचे गाळे, दोऱ्यात ओवलेले जुडगे, मांडून बसली होती, डाव्या हाताला पट्टी, वर धुतलेला पांढरा ब्लाऊज. समोर नवरी बसणार, तेवढ्यात तिची आत्या उठली. पाथर्डीला दिलेली, आवाज मोठा.

"थांबा जरा," आत्या म्हणाली. "हिला नागीण झालती म्हनं. अन् पट्टीखाली काय झाकलंय? लेकराचा हात असा कुनाच्या बी हातात देता का?"

मी उठणार होते. डोक्यात सगळी वाक्यं तयार होती, लांबलचक इंग्रजी नावासकट. शमीमबीने मला हातानेच खाली बस म्हणून खूण केली. मग दातांनी पट्टीचं टोक सोडलं आणि सगळ्यांसमोर हळूहळू ती उलगडली. पट्टी, कापूस, सगळं मांडीवर उतरलं. हात उघडा झाला. फुगीर, मधे मधे काळपट डाग, दंडाच्या आत ओळीने चार-दोन चमकणारे फोड.

"बगा," ती म्हणाली. "न्हाई बगितलं असं कुनी म्हनू नका. कॅन्सर झाला, त्याच्या उपचारानं अंगातल्या पान्याची वाट बुजली. हे माझंच पानी हाय, माझ्यातच राहतंय. तुमच्याकडं येत न्हाई. आता ज्यांना हात द्यायचा त्यांनी बसा. ज्यांना न्हाई द्यायचा त्यांनी चहा घ्या. मी रागवनार न्हाई."

ती म्हणाली रागावणार नाही, पण तिची मान खाली गेली होती आणि उघडा हात मांडीवर तसाच पडला होता. कुणी हललं नाही. कुणी चहाही घेतला नाही. मला तो क्षण सोसवेना. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकी हतबल कधी झाले नव्हते.

मालनबाई आतून आल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही, नणंदेकडे पाहिलं नाही. शमीमबीसमोर मांडी घालून बसल्या आणि तिच्या मांडीवरचा कापूस उचलला. "वर धर," असं म्हणून त्यांनी तिचा हात आपल्या खांद्यावर टेकवला. कापूस गुंडाळला. मग पट्टी घेतली आणि तळहातापासून सुरुवात केली. अंगठ्याभोवती एक वेढा, मनगटाशी घट्ट, निम्म्यावर निम्मा वेढा चढवत, कोपरापाशी सैल करत, दंडापर्यंत. बोटांची टोकं मोकळी. मी त्यांना एक शब्द शिकवला नव्हता. मी बांधली असती तर याहून चांगली बांधली नसती, आणि हे मी सहसा कुणाला म्हणत नाही.

पट्टीचं टोक आत खोचून त्यांनी ती एका हाताने दाबून बघितली. मग मागे न बघता लेकीला हाताला धरून पुढे ओढलं.

"बस," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात दे तिला."

पोर बसली आणि तिने दिले.